कॉमन ग्रास यलो

पिएरिडी कुलातील एक लहान पिवळे फुलपाखरू. शास्त्रीय नाव युरेमा हेकाबे. लिनीअस यांनी १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले. आफ्रिकेपासून दक्षिण व आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा प्रसार आहे. महाराष्ट्रात ते रानात, पडीक जागी आणि शहरी बागांतही दिसते.

ओळख : पंखांचा विस्तार सु. ४ ते ५ सेंमी. रंग लिंबासारखा पिवळा. पुढच्या पंखाच्या टोकाला काळी किनार असते आणि तिच्या आतल्या कडेला खोल खाच असते. मात्र हे फुलपाखरू पंख मिटून बसते, त्यामुळे खरी ओळख पंखांच्या खालच्या बाजूवरूनच पटते. पुढच्या पंखाच्या मधल्या कप्प्यात दोन बारीक तपकिरी खुणा असतात. तीन असतील तर ते थ्री-स्पॉट ग्रास यलो, एकच असेल तर वन-स्पॉट. घाई करू नये. खुणा फिकट असल्या की जाणकारही फसतात. शिवाय ऋतूप्रमाणे रूप बदलते. कोरड्या दिवसांत काळी किनार अरुंद होते आणि खालच्या बाजूला गंजल्यासारखे डाग उमटतात. जमिनीलगत रेंगाळत उडणे ही याची सवय. उंचावरून वेगाने जाणारे, आकाराने मोठे पिवळसर फुलपाखरू बहुधा कॉमन एमिग्रंट असते.

आहार : नावात ‘ग्रास’ असले तरी अळी गवत खात नाही, प्रौढ गवताळ जागी वावरतात इतकेच. अळीला शिंबावंतांची पाने लागतात : टाकळा, शेवरी, शिरीष, विलायती चिंच. कोकणात पावसाळ्यात ज्या टाकळ्याची भाजी करतात, त्याच कोवळ्या पाल्यावर ही अळी पोसते. ती हिरवी असून अंगाच्या कडेने फिकट रेघ असते. पानाच्या शिरेलगत बसली की सहज दिसत नाही. प्रौढ फुलपाखरू एकदांडी, घाणेरी अशा फुलांतला मध पिते. नर ओल्या मातीवर थव्याने बसून क्षार शोषतात.

मादी लांबट, पांढरी अंडी एकेकटी घालते. अंड्यांचा पुंजका किंवा अळ्यांचा घोळका आढळला, तर ती थ्री-स्पॉटची वीण समजावी.