तिरळेपणा, प्रौढांमधील
दोन्ही डोळ्यांची नजर एका दिशेला न जुळण्याचा विकार. तो फक्त लहान मुलांना होतो, हा समज चिवट असला तरी चुकीचा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीत १९८५ ते २००४ या काळातील वैद्यकीय नोंदींवरून, प्रौढपणी नव्याने तिरळेपणा येण्याची आयुष्यभरातील शक्यता सुमारे ४ टक्के, म्हणजे पंचविसांत एक, आढळली. वयाबरोबर प्रमाण वाढत जाते. मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉइडचे विकार, डोक्याला मार ही काही कारणे. मुलांचा मेंदू एका डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो. प्रौढपणी नव्याने तिरळेपणा आल्यास मात्र बहुधा एकाच्या दोन वस्तू दिसतात. असे अचानक घडल्यास तातडीने तपासणी आवश्यक ठरते. प्रिझमचा चष्मा किंवा शस्त्रक्रिया कोणत्याही वयात उपयोगी पडू शकते.