डॉक्टरसाहेब जाहिरातीत कशाला आले?

जुन्या अमेरिकन मासिकांतल्या सिगारेटच्या जाहिराती आता इंटरनेटवर सहज बघायला मिळतात. बघून हसू येते. १९४६ सालच्या एका जाहिरातीत डॉक्टर मजेत सिगारेट ओढतोय आणि वर मजकूर असा, की इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर जास्त!

पण मंडळी, हसून झाले की एक प्रश्न पडायला हवा. तांदूळ विकायला कोणी डॉक्टर उभा करते का? मग सिगारेटलाच तो का लागला? कारण घसा खवखवतो, खोकला येतो, हे ओढणाऱ्यांना कळू लागले होते. शिलालेखावरून राजाचा पराक्रम कळतो, तशी जाहिरातीवरून गिऱ्हाइकाची भीती कळते.

ही युक्ती जुनीच. १९३० मध्ये लकी स्ट्राइकने २०,६७९ डॉक्टरांचा हवाला दिला. कॅमलने तर १,१३,५९७ डॉक्टरांना विचारल्याचे सांगितले. आकडा असा सुटा, की खोटा वाटूच नये. मात्र डॉक्टरांच्या संमेलनात आधी फुकट पाकिटे वाटायची आणि मग कोणती सिगारेट ओढता असे विचारायचे, हे जाहिरातीत नव्हते.

बायकांसाठी वेगळी भाषा. १९२८ मध्ये सांगितले, गोड खाण्याऐवजी लकी घ्या. म्हणजे जाड होण्याची भीती. १९२९ च्या ईस्टरला, ३१ मार्चला, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुणी सिगारेट ओढत चालल्या. तिला नाव दिले 'स्वातंत्र्याची मशाल'. वर्तमानपत्रांनी बातमी छापली. हे घडवून आणले होते फ्रॉइडचा भाचा एडवर्ड बर्नेझ याने, आणि त्याला पैसे देत होती लकी स्ट्राइकचीच कंपनी. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला होता. त्या खऱ्या लढ्याची पुण्याई अशी पाकिटात भरून विकली गेली. मला सगळ्यात राग येतो तो याचा.

१९५० मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवला. आता भीती मरणाची होती. लगेच फिल्टर पुढे आला. १९५२ साली आलेल्या केंट सिगारेटने आरोग्याची काळजी घेणारा फिल्टर म्हणून गाजावाजा केला. १९५६ पर्यंत त्या फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होते!

४ जानेवारी १९५४ रोजी कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत निवेदन दिले: लोकांचे आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे, पण अजून काही सिद्ध झालेले नाही, आम्ही संशोधनाला मदत करू. यात डॉक्टर नाही, सुंदरी नाही, तरी माझ्या मते हीच सर्वांत प्रभावी जाहिरात. 'अजून नक्की नाही' एवढे ऐकले की ओढणाऱ्याला ओढत राहायला कारण मिळते. पुढे १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर स्पष्टच लिहिले होते, की शंका हाच आपला माल.

अमेरिकेत टीव्ही-रेडिओवरच्या या जाहिराती १९७१ मध्ये बंद झाल्या. आपल्याकडे २००३ च्या कायद्याने १ मे २००४ पासून सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली. युक्त्यांवर मात कुठे बंदी आली? आजही पांढरा कोट दिसतो, सुटे आकडे दिसतात, स्वातंत्र्य विकले जाते.

घरातल्या मुलांना मी एवढेच सांगतो. जाहिरात ज्या गोष्टीची न विचारता ग्वाही देते, तिथेच थांबा. कुणाला तरी शंका आलेली असते.