पालक, आर्टिचोक आणि राणीच्या खात्यावर जमा झालेलं श्रेय

आजचा भाग जेवणाआधी ऐकत असाल तर आधीच सांगते, भूक लागणार आहे.

विषय दोन भाज्यांचा आहे, पालक आणि आर्टिचोक. अमेरिकेत बऱ्याच साध्या रेस्टॉरंटमध्ये 'स्पिनच आर्टिचोक डिप' नावाचा पदार्थ मिळतो. क्रीम, चीज, लसूण, शिजवून पिळलेला पालक आणि आर्टिचोकचे मऊ तुकडे, हे सगळं भट्टीत वरून खरपूस होईपर्यंत भाजायचं आणि पावाबरोबर गरम गरम खायचं. दमून घरी आल्यावर आपल्याकडे मऊ भात, वरण आणि तूप जे काम करतं, तेच काम तिकडे हा पदार्थ करतो.

या भाज्यांची एक गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. फ्लॉरेन्सची कॅथरीन दे मेदिची १५३३ साली लग्न होऊन फ्रान्सला गेली. बरोबर आपले स्वयंपाकी घेऊन गेली, त्यांच्याबरोबर पालक गेला, आर्टिचोक गेला आणि फ्रेंच लोकांना जेवायचं कसं ते कळलं. म्हणे म्हणूनच पालकाच्या पदार्थांना 'फ्लोरेंटाइन' म्हणतात.

गोष्ट छान आहे, पण खरी नाही. आणि नुसती खोटी असती तरी चाललं असतं. तिच्यामुळे ज्यांनी खरं काम केलं त्यांची नावं झाकली जातात, म्हणून आज ती जरा उलगडून बघू.

पालक कुठून आला?

'ल मेनाजिए द पारी' नावाचं एक फ्रेंच पुस्तक आहे. पॅरिसमधल्या एका वयस्क नवऱ्याने आपल्या तरुण बायकोला घर कसं चालवायचं ते शिकवायला लिहिलेलं. काळ साधारण १३९३. त्यात पालक आहे. त्याच सुमाराला इंग्लंडच्या राजवाड्यातल्या स्वयंपाक्यांनी 'फॉर्म ऑफ क्युरी' हा पाककृतींचा संग्रह केला. त्यात पालक उकडायचा, पाणी पिळून काढायचं, तेलात परतायचा आणि वरून गोडसर मसाला भुरभुरायचा, असं सांगितलंय. म्हणजे कॅथरीन जन्माला यायच्या शंभराहून जास्त वर्षं आधी पालक तिकडे पोचलेला होता.

मग आणला कुणी? इथे शब्दच साक्ष देतो. फारसीत 'अस्पनाख', अरबीत 'इस्फनाख', तिथून मध्ययुगीन लॅटिन आणि पुढे इंग्रजी 'स्पिनच'. इराणातून निघालेली ही भाजी अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने स्पेनपर्यंत गेली. तेव्हा दक्षिण स्पेनवर मुसलमान राज्यकर्ते होते. त्या मुलखाला 'अल-अंदलुस' म्हणत. बाराव्या शतकात सेव्हिलमध्ये इब्न अल-अव्वाम नावाचा शेतीतज्ज्ञ होऊन गेला. त्याने पालकाला भाज्यांच्या सरदाराचा मान दिला होता. सेव्हिलच्या कोरड्या उन्हात पालक वाढवायचा म्हणजे पाट, विहिरी, खत आणि पेरणीची वेळ, सगळंच जुळून यावं लागतं. ते जुळवून आणलं तिथल्या शेतकऱ्यांनी.

ही भाजी पूर्वेकडेही गेली. चिनी नोंदींप्रमाणे सन ६४७ मध्ये नेपाळच्या राजाने तांग दरबाराला पालक भेट पाठवला. चिनी लोक त्याला 'इराणची भाजी' असंही म्हणत.

आता आपल्याकडचा पालक. मंडईत 'पालक' म्हणून जी जुडी मिळते, ती बऱ्याचदा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बीटच्या कुळातली पालेभाजी असते. इराणहून निघालेला 'स्पिनच' वेगळा, त्याला आपल्याकडे 'विलायती पालक' म्हणतात. शिजल्यावर दोन्ही इतके सारखे लागतात की ताकातल्या पातळ भाजीत कुणी फरक विचारत नाही.

काटेरी भाऊबंद

आर्टिचोक ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ते फळ नाही, न उमललेली कळी आहे. मुठीएवढी, खवल्याखवल्यांची, हिरवी. आणि ती आपल्या करडईच्या भाऊबंदांतली आहे. करडईचा कोवळा पाला आपण भाजीला खुडतो, पण झाड जून झालं की काट्यांनी हात सोलतात. आर्टिचोकचा स्वभाव तोच.

रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात याच काटेरी जातीच्या भाजीवर चिडून लिहितो. कार्थेज आणि कोर्डोबाच्या छोट्या वाफ्यांतून हिचं सहा हजार सेस्टर्सेसचं उत्पन्न निघतं, आणि जनावरंही जे टाळतात ते श्रीमंत लोक चैन म्हणून खातात, असा त्याचा वैताग. पण आज आपण ज्याला आर्टिचोक म्हणतो, त्या मोठ्या मांसल कळीचं नाव अरबीतून आलंय. अरबी 'अल-खर्शूफ', स्पॅनिश 'अल्काचोफा', इटालियन 'कार्चोफो', आणि उत्तर इटलीच्या बोलीतून फिरत फिरत इंग्रजीत 'आर्टिचोक'. गंमत म्हणजे हाच शब्द पुढे सीरिया-लेबनॉनकडे परत गेला आणि तिथे 'अर्दी शौकी' झाला, म्हणजे जमिनीतला काटेरी!

रोमच्या भिंतीआड

१४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देश सोडायला लावला. सिसिली तेव्हा त्याच राजाच्या ताब्यात होतं, तिथूनही ज्यू हाकलले गेले. त्यांतले बरेच जण इटलीत वर सरकत रोमला आले. अरबांच्या शेजारात शतकानुशतकं राहिलेली ही माणसं. वांगी, पालक, आर्टिचोक त्यांच्या रोजच्या जेवणातले. अन्नाचा इतिहास लिहिणारे अनेक अभ्यासक मानतात की इटलीत या भाज्या रुळवण्यात त्यांचा मोठा हात होता.

मग १५५५ साल उजाडलं. पोप पॉल चौथा याने फर्मान काढलं. रोमच्या ज्यूंनी टायबर नदीकाठच्या एका भिंतीबंद वस्तीतच राहायचं, रात्री दरवाजे बंद, बाहेर पडताना पिवळी खूण अंगावर. धंदा फक्त जुन्या कपड्यांचा करायचा. धान्याचा किंवा माणसाला लागणाऱ्या इतर गरजेच्या वस्तूंचा व्यापार करायचा नाही. हे थोड्याफार फरकाने १८७० पर्यंत चाललं, म्हणजे तीनशेहून जास्त वर्षं.

रोममध्ये बाकीच्या घरांतून डुकराची चरबी सर्रास वापरली जायची. ज्यूंना ती वर्ज्य, म्हणून त्यांचं तळण ऑलिव्ह तेलातलं. त्यातूनच 'कार्चोफी आला जुदिया' हा पदार्थ घडला, म्हणजे 'ज्यू पद्धतीचे आर्टिचोक'. रोमच्या आसपास होणारी गोल, बिनकाट्याची कळी घ्यायची. बाहेरची कडक पानं सोलायची. आपण केळफूल सोललं की काळं पडू नये म्हणून ताकाच्या पाण्यात टाकतो ना, तसं हे लिंबाच्या पाण्यात टाकायचं. मग तेलात मंद तळायचं, बाहेर काढून पाकळ्या फुलासारख्या उघडायच्या आणि पुन्हा कडक तेलात सोडायचं. वरून पाण्याचा हलका शिपका दिला की पाकळ्या कुरकुरीत होतात आणि आतला गाभा लोण्यासारखा राहतो. त्याच स्वयंपाकघरात पालकाचीही एक भाजी होती. पालक पिळून तेलात परतायचा, त्यात बेदाणे आणि चिलगोज्यासारखे पाइन नट्स. ही आंबटगोड चव अरबी वळणाची.

आर्टिचोकचा नाद भिंतीबाहेरही होताच. चित्रकार काराव्हाज्जो एप्रिल १६०४ मध्ये रोमच्या एका खाणावळीत बसला होता. आठ आर्टिचोक आले, चार लोण्यातले आणि चार तेलातले. कुठले कुठले, यावरून वेटरशी वाजलं आणि याने ताटली त्याच्या तोंडावर फेकली. पोलिसांकडे तक्रार झाली, म्हणून आपल्याला हे कळलं.

भाजीला चव असली तरी ती खाणाऱ्यांना मान नव्हता. पेलेग्रिनो आर्तुसी या लेखकाने १८९१ मध्ये इटालियन पाककृतींचं गाजलेलं पुस्तक छापलं. त्यात त्याने नोंदवलंय की काही दशकांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी आणि फेनल, म्हणजे बडीशेपेचा कांदा, मुश्किलीने दिसायचे, कारण ते ज्यूंचं खाणं म्हणून हलकं समजलं जायचं. कॅथरीन ज्या गावची, तेच हे फ्लॉरेन्स!

हा, कॅथरीनला आर्टिचोक आवडायचे हे मात्र खरं. १५७५ साली एका लग्नात तिने कोंबड्याचे तुरे आणि आर्टिचोकचे गाभे इतके खाल्ले की पोट फुटायची वेळ आली, असं तेव्हाच्या एका रोजनिशीत आहे. पण खाणं वेगळं आणि पिकवणं, रांधणं वेगळं.

समुद्रापार

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटालियन स्थलांतरितांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आर्टिचोक लावले. न्यूयॉर्कमधले त्यांचे भाऊबंद गावाकडची चव म्हणून वाट्टेल त्या भावाने ते घेत. माफियाच्या हे लक्षात आलं. सिरो तेरानोव्हा नावाचा गुंड 'आर्टिचोक किंग' म्हणूनच ओळखला जायचा. छोटे आर्टिचोक कमी भावात उचलायचे आणि आपल्याच लोकांना चढ्या भावाने विकायचे. शेवटी डिसेंबर १९३५ मध्ये महापौर ला ग्वार्डिया पहाटे बाजारात गेले, तुताऱ्या वाजवल्या आणि छोट्या आर्टिचोकच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. काही दिवसांत भाव उतरले, बंदी उठली. यानंतरच्या काही दशकांत कधीतरी डबाबंद आर्टिचोक, पालक आणि क्रीम चीज एका भांड्यात आले आणि ते डिप तयार झालं.

एवढं खणायचं कशासाठी?

१६ ऑक्टोबर १९४३ ला नाझींनी रोममधल्या त्या जुन्या ज्यू वस्तीवर धाड घातली. एक हजाराहून जास्त माणसं आउशवित्झला नेली. परत आली सोळा. जी कुटुंबं उरली, त्यांच्यासाठी घरचा पदार्थ ही गेलेल्यांची आठवणही झाली. म्हणूनच २०१८ मध्ये इस्रायलच्या धर्मपीठाने सांगितलं की अख्ख्या आर्टिचोकच्या पाकळ्यांत किडे राहू शकतात, तेव्हा हा पदार्थ धर्माला मान्य नाही, तेव्हा रोमचे ज्यू खवळले. आमच्या कळ्या इतक्या घट्ट असतात की किडा शिरतच नाही, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्या साफ करत आलोय, असं त्यांचं म्हणणं. तो पदार्थ तिथे आजही तळला जातो.

मऊ, गरम, धीर देणारं जेवण बरेचदा अशा माणसांनी शोधलेलं असतं ज्यांना बाहेर धीर देणारं काहीच नव्हतं. काट्यातून गाभा काढायचा, पाल्यातून पाणी पिळायचं, आणि जे हाताशी आहे ते तेलात खमंग करायचं. श्रेय मात्र राणीच्या खात्यावर जमा होतं.

तर या आठवड्यात करून बघा. पालकाच्या दोन जुड्या उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग गार पाणी आणि मग घट्ट पिळा. पिळण्यात आळस केलात तर सगळं पाणचट होतं. तेलात लसूण, पालक, मूठभर बेदाणे. मोठ्या दुकानात बरणीतले आर्टिचोक मिळाले तर निथळून, चिरून तेही टाका. मीठ जपून, बरणीत आधीच असतं. वर लिंबू पिळा आणि गरम पावाबरोबर खा.

आणि कुणी मेदिचींची गोष्ट सांगायला लागलं, तर त्यांना सेव्हिलचे वाफे आणि टायबरकाठची ती गल्ली नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर नीट जेवा!