लखोटा आणि हरकत

दिवाळीच्या फराळाबरोबर सरकारी ठेक्यांची कथा वाढणे कितपत रुचेल, हे मला सांगता येत नाही. परंतु आम्हा खानदेशी माणसांना शेवेच्या भाजीचा तिखटपणा सणासुदीलाही वर्ज्य नसतो. वाचकांनीही तसाच हा विषय गोड मानून घ्यावा. कारण गावचा रस्ता, नळाचे पाणी, मुलांची शाळा आणि गरिबाचे घर ही सारी कुणाच्या तरी ठेक्यातून उभी राहतात.

घराला रंग काढायचा तर आपण दोन-तीन रंगाऱ्यांना भाव विचारतो. त्यांतल्या महागड्याला केवळ तो ओळखीचा म्हणून काम दिले, तर घरातली कर्ती बाई जाब विचारल्यावाचून राहत नाही. सरकारी कामात हा जाब कुणी, कुणापाशी आणि केव्हा विचारायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलती मक्त्याने दिल्या जात. जो जास्त रक्कम कबूल करी त्याच्या पदरात परगणा पडे, आणि पुढे तो ती रक्कम रयतेकडून वसूल करी. इकडे खानदेश १८०२ ते १८०४ या काळात होळकरांच्या फौजा आणि दुष्काळ यांनी आधीच उजाड झालेला. अशा मुलखातल्या कुणब्याला मक्तेदाराविरुद्ध हरकत नोंदवायला दार नव्हते.

पुढे इंग्रजी अमलात बंद लखोट्याची पद्धत रुळली. जाहिरात द्यायची, अनामत भरून घ्यायची, ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष लखोटे फोडायचे आणि भावांचा तुलनात्मक तक्ता मांडायचा. पद्धत चांगलीच, पण ती मोडली तर काय, याचे उत्तर स्वातंत्र्यानंतरही लवकर मिळाले नाही. केरळातील एका सरकारी रुग्णालयाच्या दूधपुरवठ्याचा वाद १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने म्हटले की, कुणाशी करार करावा हे खासगी माणसाप्रमाणे सरकारही ठरवू शकते.

हे चित्र पालटले ते मुंबईच्या विमानतळावरील एका उपाहारगृहामुळे. जानेवारी १९७७ मध्ये तेथील दुसऱ्या वर्गाचे उपाहारगृह व अल्पोपाहाराचे दोन गाळे चालवण्यासाठी निविदा निघाली. अट अशी की, अर्जदार नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा हॉटेलवाला असावा आणि त्याला निदान पाच वर्षांचा अनुभव असावा. ज्याला काम मिळाले त्याला कँटीन चालवण्याचा भरपूर अनुभव होता, परंतु नोंदणी नव्हती. रमणा दयाराम शेट्टी यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की अट सैल करायचीच होती तर ती सर्वांसाठी करायला हवी होती. मग मीही निविदा भरली असती.

४ मे १९७९ रोजी न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने हे तत्त्व मान्य केले. सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाही बांधते. सरकारी दान हे मर्जीचे दान नव्हे. आणि तरीही शेट्टी हरले! याचिका दाखल व्हायला नोव्हेंबर उजाडला होता; तोवर ठेकेदाराने सव्वा लाख रुपये खर्चून काम सुरू केले होते, आणि एवढ्या उशिराने ते मोडणे न्यायालयाला योग्य वाटले नाही. तेव्हापासून हा निकाल देशभर तत्त्वासाठी सांगितला जातो. मी मात्र तो त्यातल्या तारखांसाठी लक्षात ठेवतो.

न्यायालयाने आपल्या हाताला मर्यादाही घालून घेतली. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात त्याने स्पष्ट केले की, आम्ही निर्णय कसा घेतला गेला ते पाहू. कोणता ठेकेदार बरा, हे ठरवणे आमचे काम नव्हे. विदर्भातील खापरखेडा वीजकेंद्राच्या पाण्याच्या नळांचे काम हरकतीमुळे अडले, तेव्हा १९९८ मध्ये न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी बजावले की, काम लांबले तर त्याचा भुर्दंड जनतेलाच पडतो. तेव्हा स्थगिती देण्यापूर्वी तो हिशेब मांडला पाहिजे. हेही खरेच. हरलेला प्रत्येक ठेकेदार काही जनहिताचा कैवारी नसतो.

पण वेळेवर कुणीच अडवले नाही तर काय होते, ते पाहायला मला जळगावाबाहेर जावे लागत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी सुमारे अकरा हजार घरकुले बांधायची ठरवली आणि काम एका ठेकेदार संस्थेला दिले. पुरी झाली ती सुमारे दीड हजार. २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवण्यात आले, आणि मग अपिले उच्च न्यायालयात गेली. कोण किती दोषी हे सांगणे न्यायालयाचे काम, माझे नव्हे. मी फक्त वर्षे मोजतो. फिर्यादीपासून निकालापर्यंतच तेरा!

ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांचे दप्तर १९२७ पासून संशोधन मंडळाने जपले आहे, त्याच धुळ्यात जळगावच्या ठरावांचे कागद वाचले गेले. राजवाड्यांनी आम्हाला शिकवले की, कागद बोलतो. खरे आहे, पण इतक्या वर्षांनी बोललेल्या कागदाने शिक्षा होते, घर बांधले जात नाही.

अमेरिकेत अशा हरकती महालेखापालाचे कार्यालय ऐकते. १९८४ च्या कायद्यान्वये मुदतीत हरकत आली की काम सामान्यतः थांबते, आणि निर्णय आता शंभर दिवसांत द्यावा लागतो. आपल्याकडे असे स्वतंत्र न्यायपीठ नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनी मात्र निविदेच्या अटींवर वा ती नाकारण्यावर प्रश्न विचारण्याची सोय ठेवायला सांगितले आहे, आणि विचारल्यास नकाराचे कारण सांगणेही बंधनकारक केले आहे. त्याउपर उच्च न्यायालय आहेच. पूर्वी त्यासाठी खानदेशी माणसाला मुंबई गाठावी लागे; १९८१ पासून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, न्यायालय बसू लागले आणि ते दार जवळ आले. माहितीच्या अधिकाराने २००५ पासून तुलनात्मक तक्ताही साध्या अर्जावर मागता येतो. त्यासाठी ठेकेदार असावे लागत नाही. नळाला पाणी येत नाही एवढे कारणही पुष्कळ झाले, किंबहुना कारण सांगावेच लागत नाही.

म्हणून गावात नव्या कामाचा फलक लागला की, मंडळींनी त्यावरची रक्कम आणि मुदत वाचावी आणि शंका असेल तर पहिल्याच महिन्यात अर्ज टाकावा. शेट्टींना उशिराने तत्त्व मिळाले, जळगावला उशिराने निकाल मिळाला. घरकुलासाठी नाव लावून बसलेल्या कुटुंबाला यांतले काहीच नको होते. त्याला दिवाळीची पणती ठेवायला स्वतःचा उंबरठा हवा होता.