दोन मितींतील धातूचा वाद

सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर आणि त्यावर धातूची पट्टी बसवून तिला धन विद्युतदाब दिला, की ऑक्साइडच्या लगत सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यात कोंडले जातात आणि त्यांना केवळ लांबी-रुंदीत फिरण्याची मोकळीक उरते, हे फाउलर, फँग, हॉवर्ड आणि स्टाइल्स यांनी 1966 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवून दिले. ट्रान्झिस्टरसाठी घडलेली ही रचना पुढे एका मूलभूत वादाचे रणांगण ठरली.

अब्राहम्स, अँडरसन, लिचार्डेलो आणि भारतीय शास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन यांनी 1979 मध्ये असा निष्कर्ष मांडला, की अशा द्विमित थरात अशुद्धी कितीही अल्प असली, तरी निरपेक्ष शून्याकडे जाताना इलेक्ट्रॉन अखेर जागीच अडकतात, म्हणजेच दोन मितींत खरा धातू संभवत नाही. पुढच्याच वर्षी बिशप, त्सुई आणि डाइन्स यांना सिलिकॉनच्या थरांत तापमान उतरताना विद्युतरोध किंचित चढताना आढळला, आणि निष्कर्षाला नियमाचे वजन आले.

मात्र या मांडणीत इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण गृहीत धरलेले नव्हते, आणि खरी मेख तिथेच होती. द्विमित थरातील इलेक्ट्रॉनांची संख्या घटवत नेली, तर त्यांची गतिज ऊर्जा घनतेच्या प्रमाणात, पण प्रतिकर्षणाची ऊर्जा केवळ घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणून गर्दी विरळ होते तसतसे प्रतिकर्षणच, ऐकायला विपरीत वाटले तरी, वरचढ ठरते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 100 अब्ज इलेक्ट्रॉन असताना शेजारच्या दोहोंमधील अंतर 30 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे सिलिकॉनचे शंभराहून अधिक अणू ओळीने मावतील एवढे, असते. इतक्या विरळ थरात अशुद्धीचा प्रभाव झाकता येत नसल्याने त्यासाठी विलक्षण निर्दोष नमुनेच लागतात.

असे नमुने हाती आल्यावर क्राव्चेन्को, पुदालोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये नोंदवले, की ठरावीक घनतेच्या वर तापमान सुमारे 2 केल्व्हिनखाली नेताच रोध वाढण्याऐवजी झपाट्याने, काही ठिकाणी दहापटीपर्यंत, घसरतो. थराला समांतर चुंबकीय क्षेत्र लावले की हे धातुपण मावळते, असेही पुढे आढळले. समांतर क्षेत्र इतक्या पातळ थरातील इलेक्ट्रॉनांच्या वाटा फारशा वळवत नाही, मुख्यतः त्यांच्या फिरकीवर (स्पिनवर) परिणाम करते; तेव्हा फिरकीचा त्यात हात असणार, हे उघड आहे. निरपेक्ष शून्यापाशी काय घडते, हा वाद मात्र मोजमापाच्या मर्यादेमुळे मिटलेला नाही. सिलिकॉनमधील या संक्रमणावर 1997 मध्ये पोपोविच आणि वॉशबर्न यांच्यासह शोधनिबंध लिहिणारे फाउलर, 1966 च्या त्या चौघांपैकीच एक होते.