वाई

सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व तीर्थक्षेत्र. महाबळेश्वरास उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून सपाटीला येते, तिथे काठाने हे गाव वसले आहे. जुनी ओळख ‘दक्षिण काशी’. पांडवांच्या अज्ञातवासातील विराटनगरी ती हीच, ही केवळ लोकसमजूत. आदिलशाहीत येथे सुभ्याचे ठाणे होते. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे निघालेल्या अफझलखानाचा तळ वाईसच पडला.

आजच्या वाईला रूप दिले ते पेशवाईने, विशेषतः रास्ते घराण्याने. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये घाटावर महागणपतीचे देऊळ बांधले. मूर्तीच्या आकारामुळे लोक त्याला ढोल्या गणपती म्हणतात. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगते. शोभेपेक्षा नदीची जाण इथे अधिक दिसते. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी अशा आळ्यांचे आपापले घाट असून कृष्णाबाईचा उत्सवही घाटागणिक वेगळा होतो. जवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा व घाट आहे. तेथील घंटा वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीज चर्चची.

नारायणशास्त्री मराठे (पुढे केवलानंद सरस्वती) यांच्या प्राज्ञपाठशाळेने वाईची विद्यापरंपरा नव्या काळाशी जोडली. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले आणि कोशाचे काम मुंबई-पुण्याऐवजी येथे चालले. अलीकडे वाई-मेणवलीचे घाट हिंदी चित्रपटांतूनही दिसतात. ‘स्वदेस’मधले गाव मेणवलीच.