आवाजावरून ओळखलेले बेडूक

पहिल्या पावसानंतर डबक्याकांठीं उठणारा बेडकांचा गलबला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आपणांस तो नुसता गोंगाट वाटतो. परंतु ओरडणारे बहुतेक नर असतात, आणि प्रत्येक नराची हांक आपल्याच जातीच्या मादीसाठीं असते. या हांकेचें महत्त्व प्राणिशास्त्राला फार उशीरां उमगलें. तो इतिहास अमेरिकेंतील एका लहानशा बेडकाच्या निमित्तानें आज सांगावयाचा आहे.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांत झाडांवर राहणारा, सुमारें दोन इंच लांबीचा एक करडा बेडूक आहे. १८२५ सालीं ल कॉन्त यांनीं त्याला ‘हायला व्हर्सिकलर’, म्हणजे रंग पालटणारा, असें नांव दिलें. पुढें १८८० सालीं एडवर्ड कोप यांनीं टेक्सासमधील तशाच बेडकाला ‘क्रायसोसेलिस’ हें निराळें नांव दिलें. पण दोहोंत डोळ्यांना दिसेल असा खात्रीचा फरक सांपडेना. तेव्हां दोघेहि पुढें एकाच जातींत गणले गेले. त्या काळचें वर्गीकरण मुख्यतः मद्यार्काच्या बरणींतील नमुन्यांवर चाले, आणि बरणींतला बेडूक मुका असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें चित्र पालटलें. आवाज मुद्रित करणारीं यंत्रें डबक्याकांठीं नेतां येऊं लागलीं. बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत सिद्ध झालेल्या यंत्रानें आवाजाचें चित्र कागदावर उमटूं लागलें. टेक्सास विद्यापीठाचे फ्रँक ब्लेअर यांनीं जवळच्या जातींच्या हांका अशा रीतीनें पारखून पाहिल्या. करड्या बेडकाच्या हांकेचे दोन प्रकार स्पष्ट झाले. दोन्हींत बारीक ठोके एकामागून एक पडतात; परंतु एकाची लय संथ, तर दुसऱ्याची जवळजवळ दुप्पट जलद. १९५९ सालीं क्लिफर्ड जॉन्सन यांनीं या दोन प्रकारांचा संकर नीट साधत नाहीं, असें दाखविलें. १९७० सालीं वासरमन यांनीं त्याचें मूळ उजेडांत आणलें. जलद लयीच्या बेडकाच्या पेशींत २४ गुणसूत्रें असतात, तर संथ लयीच्या बेडकाच्या पेशींत ४८. रूप एक असलें तरी जाति दोन होत्या.

अर्थात् मादीला हा भेद आधींच ठाऊक होता. तिची निवड चुकली तर घातलेलीं अंडीं वायां जातात. म्हणून ती लय ऐकून नर निवडते. त्यांत आणखी एक अडचण आहे. बेडकाचें रक्त थंड. हवा गार झाली कीं हांकेची लयहि मंदावते. मग मादी फसत कशी नाहीं? गेरहार्ट यांनीं १९७८ सालीं दाखविलें कीं, उष्णमानाबरोबर मादीची आवडहि तशीच बदलते. पुढें जलद लयीच्या जातींत गुणसूत्रांचा एक जादा संच असलेले बेडूक मुद्दाम तयार करण्यांत आले. त्यांतल्या नरांची हांक मंदावली, आणि माद्यांना मंद हांकच अधिक आवडूं लागली. कंठ आणि कान यांची जोडी अशी एकत्र बदलते.

हा भेद वेळेवर न ओळखल्यास काय गमवावें लागतें, तें दुसऱ्या एका बेडकाच्या उदाहरणावरून दिसतें. चित्त्यासारखे ठिपके असलेल्या बेडकांची एक तिसरी जाति न्यूयॉर्कच्या परिसरांत आहे, असें कार्ल कॉफेल्ड यांनीं १९३७ सालीं प्रतिपादिलें. तें कोणी मानलें नाहीं. ते स्वतः १९७४ सालीं वारले. पुढें स्टेटन आयलंडवर एकाच तुटक ठोक्याची अनोळखी हांक एका संशोधकाच्या कानीं पडली. तिचा माग घेतल्यावर, आणि आनुवंशिक पुरावा मिळाल्यावर, २०१४ सालीं ती निराळी जाति म्हणून जाहीर झाली, व कॉफेल्ड यांचेंच नांव तिला देण्यांत आलें. परंतु तोंवर शेजारच्या लाँग आयलंडवरून ती नाहींशी झाली होती. जी जाति कोणाच्या यादींतच नाहीं, तिच्या ऱ्हासाची दाद कोण घेणार?